वरच्या ओळीतले ससे

वरची ओळ

ओब्दुलियाने फोन केला तेव्हा वरच्या पिंजऱ्यांतल्या बहुतेक माद्या मेल्या होत्या. पशुवैद्य एरेंदिरा तेश्कोकोहून गावात पोचेपर्यंत एकच उरली. काळी कापुलीन. ओब्दुलियाच्या नवऱ्याने, नाबोरने, हातावर वाढवलेली. पोट ढोलासारखं टम्म. वेदनेने दात कराकरा वाजत होते.

नाबोर वसंतात वारला. मागे हे ससे, बायको आणि म्हातारा बाप फिदेंसिओ.

म्हातारा दारात बसला होता. वाऱ्याने टोपी उडाली. तो पडलेल्या टोपीकडे नुसता बघत राहिला. ओब्दुलियाने ती उचलून दिली. त्याने आभार मानले नाहीत. हिने नवं खाद्य आणलं आणि ससे मेले, असं तो सांगत होता. खाद्याचं पोतं परत जाईल. पोत्याबरोबर हीही भावाकडे जाईल.

पोतं

एरेंदिराने पोत्यात हात घातला. गोळ्या अख्ख्या. भुकटी नाही, बुरशी नाही, सुक्या लसूणघासाचा ताजा वास. तंतू भरपूर, स्टार्च कमी, कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते सशांना घातक औषधही नाही. व्यायला आलेल्या माद्यांसाठी तिनेही हेच निवडलं असतं.

"एकदम बदललंस?" तिने ओब्दुलियाला विचारलं.

"नाही. जुन्यात थोडं थोडं मिसळत."

"खालच्यांना कुठलं?"

"हेच. एकाच डब्याने."

खालची ओळ

खालची कोवळी पिल्लं मजेत खात होती. तेच पोतं, तेच पाणी.

मुंग्या मात्र त्यांना ओलांडून वर जात होत्या. वरच्या जाळीला साखरेचे दाणे चिकटले होते. संत्र्याच्या फुलांचा वास.

घरात मृतांच्या सणाला मांडलेली वेदी कालच उतरवलेली. नाबोरचा फोटो, सुकलेला झेंडू, साखर लावलेल्या सणाच्या पावाचं रिकामं ताट, त्यालाही तोच संत्र्याच्या फुलांचा वास. पाव मामंजींनी शेजारी वाटला असेल, असं ओब्दुलिया म्हणाली.

एरेंदिरा म्हाताऱ्यासमोर उभी राहिली. विचारूच नये, असं तिला वाटलं.

"बाबा, वेदीवरचा पाव कुणाला दिलात?"

"घरच्यांना वाटतात. नाबोरचे ससे घरचेच ना?" तो थांबला. "गुडघे वाकत नाहीत माझे. म्हणून वरच्यांनाच मिळाला. खालच्यांचं वाईट वाटलं."

तिने हळू सांगितलं. खाद्य निर्दोष होतं. तेच खाऊन खालची जगली होती. वरच्यांनी जास्तीचं खाल्लं ते एकच, पाव. मैदा आणि साखर सशाच्या आतड्यात आंबतात, त्याचं विष होतं.

म्हाताऱ्याने कापुलीनच्या पिंजऱ्याकडे पाहिलं.

"उलटी काढा ना तिची," म्हातारा म्हणाला. "नाबोर लहानपणी काहीबाही गिळायचा. मीठपाणी पाजायचो."

"सशाला उलटी होत नाही, बाबा."

ओब्दुलियाने कापुलीनला काढून त्याच्या मांडीवर ठेवलं. आता दुसरं काय करता येणार होतं? त्याचा हात काळ्या पाठीवरून फिरत राहिला.

"सूनबाई, पोतं राहू दे," तो म्हणाला. "तूही."

कापुलीनच्या दातांचा आवाज थांबला होता. त्याचा हात थांबला नाही.