गाळाखालची मरळ

सोमवारी सकाळी अकरा वाजता हैदराबादच्या नामपल्लीतल्या सरकारी कचेरीत त्रिवेणीला एक जिवंत मासा दाखवायचा होता. दाखवता आला नाही, तर मंगळवारी यंत्रं येऊन तामरकुंट्याचा सगळा गाळ उपसून नेणार होती.

तामरकुंटा म्हणजे कमळांचं तळं. हैदराबादहून चार तासांवर, नल्लमलाच्या जंगलात. मे महिन्यात त्यात पाण्याचा थेंब नसतो, म्हणून कागदोपत्री ते 'मृत' होतं. त्रिवेणी चिक्कडपल्लीची, माशांची अभ्यासक. तिचं म्हणणं होतं, मरळ मासे गाळाखाली जिवंत आहेत. उपसा करायचा तर पाऊस पडून मासे वर आल्यावर करा. गेल्या वर्षी तिने फोटो दिले होते. "फोटो काय, कुठलाही असू शकतो," म्हणून कचेरीतल्या साहेबांनी फाईल परत केली होती.

शनिवारी पहाटे डांबरी रस्ता संपला तिथून तिघं चालू लागले. पुढे मल्लय्या. त्याच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या या तळ्यात जाळं टाकलं होतं. मध्ये त्रिवेणी. मागे तिचा सहकारी किशोर, पुण्याहून नुकताच हैदराबादला, काचीगुड्यात राहायला आलेला.

सागांनी पानं गाळून टाकली होती. पानांवाटे पाणी उडून जातं, तेव्हा उन्हाळ्यापुरती पानंच नकोत, असा त्या झाडांचा हिशेब. सावली मात्र कुठेच नव्हती. आठ वाजताच दगड तापले.

"ताई, झाडांचं जमलं. आपण काय गाळायचं?" किशोरने घाम पुसत विचारलं.

"तुझी बडबड," त्रिवेणी म्हणाली.

एकदम मल्लय्याने हात वर केला. समोर अस्वल! वाटेतच वारूळ उकरत होतं. बोटाएवढी लांब नखं कडक मातीत खचाखच शिरत होती. वारा यांच्याकडे वाहत होता, म्हणून त्याला वास गेला नाही. तिघं दोन तास खडकाआड बसून राहिले. अस्वल गेलं, पण तळ्यावर पोचेपर्यंत अकरा वाजले. परतायला तीन तासांची चाल आणि शेवटची बस सहाची!

तळं भेगाळून पडलं होतं. त्रिवेणीने फीत काढली. तिची पद्धत ठरलेली: शंभर मीटरची सरळ रेषा, दर दहा मीटरवर एक खड्डा. रेषा वाकली की मोजणी बाद.

मल्लय्याने मान हलवली. "बीच में नक्को, मेडम. ऊपर सूखा दिखता, अंदर दलदल है. किनारे किनारे चलो."

"वेळ नाही, मल्लय्यागारू. आणि रेषा वाकवली तर साहेब तेवढंच धरून बसतील."

पहिले तीन खड्डे कोरडे निघाले. चौथ्यात कमळाचे कंद मिळाले, टणक, आत ओल धरून बसलेले. पाचव्यात गोगलगायी, शंखाचं दार घट्ट लावून झोपलेल्या. मासा नाही. त्रिवेणी सहाव्या खड्ड्याकडे निघाली.

पायाखालचं कवच फुटलं.

ती गुडघ्यापर्यंत गेली. पाय ओढायला गेली, तर कमरेपर्यंत! किशोर धावला. "रुक!" मल्लय्या ओरडला. "तू भी जाता!"

गाळ थंडगार होता. जितकी धडपड, तितकी ती खाली. तिला कमळपक्षी आठवला. लांबलचक बोटं पसरून तो तरंगत्या पानांवर चालतो, कारण वजन पसरलं की पान बुडत नाही. तिने श्वास घेतला, हात फाकले आणि पाठ मागे टाकली. बुडणं थांबलं.

मल्लय्याने काठावरच्या ताडाच्या वाळल्या झावळ्या कवचावर अंथरल्या, त्यांवर पालथा पडला आणि सरपटत दोर पुढे फेकला. तेवढ्यात त्रिवेणीच्या उजव्या हाताखाली काहीतरी वळवळलं. गुळगुळीत, मनगटाएवढं जाड. मरळ! तिने घट्ट धरली.

"मासा आहे! धरलाय मी!"

"मछली छोड़ो, अम्मा! दोनों हाथ से रस्सी पकड़ो!"

एका हाताने धरलेला दोर निसटला. पुन्हा फेकला, पुन्हा निसटला. या झटापटीत ती पुन्हा खाली सरकली; आता गाळ बरगड्यांना लागला होता. क्षणभर तिने माशाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि मूठ उघडली.

दोघांनी ओढून काढलं तेव्हा तिचा एक बूट खालीच राहिला होता. ती काठावर आडवी पडली. रडू येत होतं; वाचल्याचं की हरल्याचं, कळेना. मल्लय्याने स्वतःची बाटली तिच्या तोंडाला लावली.

"हमारे में एक कायदा है," तो हळूच म्हणाला. गाळातली मरळ म्हणजे पुढच्या वर्षाचं बी. उन्हाळ्यात तिला कुणी हात लावायचा नाही. म्हणून ती कुठे असते, हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं. "लेकिन मशीन आया तो पूरा बीज जाता. एक ले जाओ. वापस लाने का, हौ?"

"हौ," त्रिवेणी म्हणाली. "शपथ."

झावळ्यांवर सरपटत तो कवचातल्या अंगठ्याएवढ्या भोकाशी गेला. मरळ तिथूनच श्वास घेते. भोक उकरून रुंद केलं, कोपरापर्यंत हात घातला आणि अलगद एक मासा काढला. गाळासकट ओल्या गोणपाटात गुंडाळला.

"पाण्याशिवाय मरेल ना?" किशोर घाबरला.

"ती हवा गिळते. ओल असली की पुरे," त्रिवेणी म्हणाली.

पळतपळत बस मिळाली. मरळ काचीगुड्यात किशोरच्या टबात राहिली, वर झाकण आणि झाकणावर वरवंटा. सोमवारी साहेबांनी गोणपाट उघडलं. मरळ टेबलावर उसळली! साहेब खुर्चीसकट मागे सरकले, चष्मा पुसला आणि चिखलाने माखलेल्या फाईलवर सही केली: उपसा पाऊस पडून मासे वर येईपर्यंत स्थगित.

मंगळवारी यंत्रं आली नाहीत. त्रिवेणी आली. या वेळी ती काठाकाठाने, मल्लय्याच्या मागून, त्याच्याच पावलांवर पाय ठेवत चालली. मासा गाळात सोडताच शेपटीचा एक फटका बसला आणि तो दिसेनासा झाला.

वाटभर तिने आभाराची दोन वाक्यं जुळवली होती. पण मल्लय्या केव्हाच बाभळीच्या काटेरी फांद्या ओढून आणायला लागला होता. उकरलेल्या जागेवर रानडुकरं येतात, म्हणाला.

तिने फांदीचं दुसरं टोक उचललं आणि ओढायला लागली.