दोन सेकंदांनी लहान

“मॅडम, माझं वय मोजायला पृथ्वीचं घड्याळ कशाला? मी पृथ्वीवर कधी गेलेलीच नाही!”

उल्काच्या तोंडून प्रश्न सुटला आणि कालशाळेच्या, म्हणजे अधिकृत वेळ राखणाऱ्या प्रयोगशाळेच्या, काचेपलीकडे उभ्या असलेल्या अख्ख्या बारावीच्या वर्गाने आनंदाने उडी मारली. मंगळावर उडी मारताना जरा बेतानं घ्यावं लागतं. दोघातिघांची डोकी छताला लागली. झीनत डोकं चोळत चोळतच हसत होती. पैज तिचीच होती. “भर सुनावणीत विचारून दाखव. नाहीतर जन्मभर तुला ‘दोन सेकंदांची बाळी’ म्हणणार!”

गेल्या वर्षीची उल्का वाघचौरे असती तर तिची जीभ टाळ्याला चिकटली असती. पण या वर्षी ती शाळेच्या खो-खो संघाची कर्णधार झाली होती, आणि कर्णधाराला पाठ दाखवून चालत नाही.

मंगळराज्याच्या निवडणूक अधिकारी फरीदा मुजावर यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “प्रश्न चांगला आहे,” त्या म्हणाल्या. “आणि गंमत म्हणजे त्याच्या उत्तरावर सगळ्या सूर्यमालेचा राष्ट्राध्यक्ष अडकलाय.”

यात अतिशयोक्ती काडीची नव्हती. सौरसंघाच्या बाकीच्या सगळ्या राज्यांचे निकाल लागले होते. ओकोरोबाई आणि लिंडग्रेनसाहेब अगदी खांद्याला खांदा लावून उभे होते. आता मंगळराज्य ज्याचं, त्याचं राष्ट्राध्यक्षपद. आणि मंगळराज्याने काय करावं? ओकोरो, एक्केचाळीस हजार दोनशे सहा. लिंडग्रेन, एक्केचाळीस हजार दोनशे सहा. तीनदा मोजणी झाली, तीनदा तेच. उरलं होतं फक्त एक मोहोरबंद पाकीट, आक्षेप घेतलेल्या एका मताचं. ते मत उल्काचं होतं.

आणि आक्षेप घेतला होता तिच्या बापाने!

“मकरंद वाघचौरे. लिंडग्रेनसाहेबांचा मतदान प्रतिनिधी,” बाबांनी उभं राहून सांगितलं. “मतदान बंद होण्याच्या क्षणी मतदाराची अठरा वर्षं पूर्ण हवीत. उल्काला दोन सेकंद कमी पडतात.”

“मतदार यादीत नाव आहे तिचं,” मुजावर मॅडम म्हणाल्या.

“यादी तारीख बघते. मी सेकंद सांगतोय. तिचा श्वासमापी मी स्वतः सुरू केला होता.”

मंगळावरच्या या गेरूपुरात मूल पहिल्यांदा रडलं की त्याच क्षणी त्याच्या नावाने हवेचा कोटा चालू होतो. घुमटाखालच्या हवेवर सगळे जगतात, म्हणून प्रत्येक श्वासाची नोंद. जन्माची वेळ इथे सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंत लिहिलेली असते. पृथ्वीवर असा आक्षेप कोणी घेऊच शकलं नसतं.

“बघा, बघा!” आई पलीकडच्या बाकावरून कडाडली. शुभदा वाघचौरे म्हणजे ओकोरोबाईंच्या गेरूपुरातल्या प्रचारप्रमुख. “स्वतःच्या पोरीचं मत खातोय हा माणूस! कारण ते मत आमचं आहे!”

“खातो कसला? नियम सांगतोय. आणि तुमच्या बाईंनी श्वासमापी काढून टाकले ना, तर बारा दिवसांत हवेच्या गाळण्या दम तोडतील. गाळण्या मी सांभाळतो, तू नाही.”

“आणि मुलांनी सात मिनिटांच्या वर खेळायचं नाही का?”

हे मात्र उल्काला मनापासून पटत होतं. कोटा संपला की श्वासमापी टिकटिकतो आणि ऐन रंगात आलेला डाव सोडून बसावं लागतं. ओकोरोबाई निवडून आल्या तर पुरे नऊ मिनिटांचे डाव! तिने ठप्पा मारला होता तो त्यासाठीच. तरी ‘ते मत आमचं आहे’ हे आईने असं पाकीट न उघडताच जाहीर केलेलं तिला कुठेतरी टोचलं.

“घरचं भांडण घरी,” मुजावर मॅडमनी टेबलावर पेन आपटलं. “डॉक्टर कर्णिक, या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर द्या. सोप्या भाषेत.”

डॉ. हेरंब कर्णिक म्हणजे कालशाळेचे प्रमुख. त्यांच्या मागे अणुघड्याळ शांतपणे चालू होतं.

“घड्याळाला दोन गोष्टी मंद करतात, मॅडम. गुरुत्व आणि वेग. पृथ्वी सूर्याच्या जवळ, सूर्याभोवती जास्त जोराने पळते, आणि तिचं स्वतःचं गुरुत्वही जबर. मंगळावर तिन्ही गोष्टी कमी. म्हणून आपलं घड्याळ पृथ्वीच्या घड्याळापेक्षा दिवसाला चारशे सत्त्याहत्तर मायक्रोसेकंद पुढे जातं. सरासरीने.”

“म्हणजे आपली घड्याळं चुकतात?” मॅडमनी विचारलं.

“मुळीच नाही! घड्याळ बरोबर. काळच इथे तेवढा जास्त जातो. चहा थंड होतो तोही त्याच काळाने, केस पिकतात तेही त्याच काळाने. ज्याचा त्याचा हा जो काळ, त्याला आम्ही स्वकाल म्हणतो. पृथ्वीच्या घड्याळाचा तो संघकाल. आता चारशे सत्त्याहत्तर मायक्रोसेकंद म्हणजे काहीच नाही. पण रोज, अठरा वर्षं...”

“तीन सेकंद!” उल्का बोलून गेली. “तीनहून किंचित जास्त.”

“शाबास. संघकालाने ही मुलगी दोन सेकंदांनी लहान आहे. स्वकालाने मतदान बंद होण्याच्या एक सेकंद आधीच तिची अठरा वर्षं पूर्ण झाली.”

“पण वर्ष कोणतं धरायचं?” बाबांनी शेवटचा पाय रोवला. “मंगळाचं वर्ष धरलं तर ती अजून दहाचीसुद्धा नाही!”

काचेपलीकडे हशा पिकला.

“कायद्यात वर्ष म्हणजे ठरावीक सेकंद,” मुजावर मॅडम म्हणाल्या. “प्रश्न एवढाच, की ते सेकंद कोणाच्या घड्याळाचे. वय म्हणजे माणूस जेवढं जगला तेवढं. ही मुलगी अठरा वर्षं जगली आहे. लिहून घ्या. या निवडणुकीत वयाची प्रत्येक अट ज्याच्या त्याच्या स्वकालाने मोजावी. दहा मिनिटांत टंकलेखन करून आणा, मी सही करते. मग पाकीट उघडू.”

बाहेर नुसता जल्लोष! झीनत काचेवर दोन्ही हातांनी थापा मारत होती. आईने उल्काला अशी मिठी मारली की तिचा श्वासमापीच टिकटिकला. उल्काला वाटलं, आपण घुमट फोडून थेट आभाळात जाणार. तिचं एक मत, आणि राष्ट्राध्यक्ष!

पण मॅडमनी उच्चारलेला एक शब्द तिच्या डोक्यात पायात खडा रुतावा तसा रुतून बसला होता. प्रत्येक. वयाची प्रत्येक अट.

ती हळूच डॉ. कर्णिकांच्या टेबलाशी गेली.

“सर, बुधावर घड्याळ कसं चालतं?”

“बुधावर? सूर्याच्या कुशीत ते. खूपच मंद. पृथ्वीच्या तुलनेत दिवसाला जवळजवळ दोन मिलिसेकंद मागे पडतं. का गं?”

उल्काने तळहातावर बोटाने गुणाकार मांडला. पस्तीस वर्षं. साधारण पावणेतेरा हजार दिवस. गुणिले दोन मिलिसेकंद.

“पंचवीस सेकंद,” ती पुटपुटली.

राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवाराला अर्ज भरताना पस्तीस वर्षं पूर्ण लागतात. ओकोरोबाई बुधावरच्या खाणीत जन्मल्या, तिथेच वाढल्या. अर्ज भरेपर्यंत त्यांनी बुधाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मुदत संपत आली होती आणि त्यांची पस्तिशी काही सेकंदांवर होती. हजारो खाणकामगार मोठमोठ्याने आकडे मोजत होते, आणि पस्तीस पूर्ण झाल्यावर नवव्या सेकंदाला बाईंनी अर्ज दिला. ते चित्रण उल्काने वीस वेळा तरी पाहिलं होतं. दर वेळी तिच्या अंगावर काटा यायचा.

नववा सेकंद. पण कोणाच्या घड्याळाने? पृथ्वीच्या.

“सर, स्वकालाने त्या तेव्हा पस्तीसच्या नव्हत्याच. सोळा सेकंद कमी होत्या.”

कर्णिकांनी कागदावर आकडे मांडून पाहिले आणि मान डोलावली. “हिशेब बरोबर आहे. तुझं मत धरलं, तर ते ज्यांना दिलंस त्यांची उमेदवारीच उरत नाही.”

“हे अजून कोणाच्या लक्षात आलंय?”

“कोणाच्या येणार? तुझी आई स्वकालासाठी भांडतेय आणि तुझे वडील त्याच्या विरुद्ध. दोघांनीही आपापल्या उमेदवाराला बुडवणारी बाजू धरली आहे.”

उल्काने वळून पाहिलं. आई फोनवर कोणाला तरी पेढे सांगत होती. बाबा खिडकीशी एकटेच, तोंड पाडून. गप्प बसलं तर? आज जल्लोष होईल. उद्या कोणीतरी हा गुणाकार करेल आणि मंगळराज्याचा निकाल कचऱ्यात जाईल. आणि कोणीच केला नाही, तर ते आणखी वाईट. मग एक घड्याळ तिच्यासाठी आणि दुसरं ओकोरोबाईंसाठी. खो-खोच्या मैदानावर दोन पंचांनी दोन घड्याळं लावली तर डाव कोणाचा संपला हे सांगणार कोण?

आणि तरीही तो एक सेकंद तिचा होता. खराखुरा, जगलेला!

तिने कागद मागून घेतला. चार ओळी लिहिल्या, कारणासकट, बुधाच्या गुणाकारासकट, आणि टंकलेखन होऊन आलेल्या आदेशाच्या वर तो कागद ठेवला. मुजावर मॅडमनी तो दोनदा वाचला. चष्मा काढला. पुसला. परत वाचला.

“सही करायच्या आधी दावा मागे घेता येतो,” त्या म्हणाल्या. “पण एकदा शिक्का मारला की फिरवता येणार नाही. नक्की?”

“नक्की, मॅडम.”

शिक्का बसला. आदेशाचा कागद मॅडमनी उभा फाडला.

आवाज ऐकून आई धावत आली. पाठोपाठ बाबा.

“आई, बाबा, मी माझा दावा मागे घेतला. पाकीट उघडणार नाहीत.”

“वेड लागलं का तुला?” आईचा आवाज चिरकला.

उल्काने सांगितलं. बुध, पंचवीस सेकंद, नववा सेकंद. सांगून होईपर्यंत आईचा चेहरा पांढरा पडला होता आणि बाबांचा लाल.

“म्हणजे मघाशी,” बाबा अडखळले, “मी फक्त ‘पोरीचं बरोबर आहे’ एवढं म्हटलं असतं...”

“तर लिंडग्रेनसाहेब राष्ट्राध्यक्ष!”

“अगं कार्टे, आधी सांगायचंस की!”

आईने तिचे खांदे धरले. “शहाणी माझी बाय! वाचवलंस बाईंना.”

“तेही आहेच, खोटं कशाला बोलू. पण तेवढंच नाही, आई. माझं वय माझं आहे, मी अठरा वर्षं जगलेय, ते कोणी काढून घेऊ शकत नाही. पण निवडणूक सगळ्यांची मिळून असते. तिला एकच घड्याळ लागतं, मग ते मला दोन सेकंदांनी लहान का म्हणेना.”

काचेपलीकडे झीनत खुणांनी विचारत होती, काय झालं, काय झालं?

“आता ऐका. बरोबरी झाली म्हणून चाळीस दिवसांनी फेरमतदान होईल. तेव्हा मी सूर्यमालेतल्या कुठल्याही घड्याळाने अठराची असेन. बाबा, उद्या मला तुमच्या गाळण्या बघायला यायचंय, बारा दिवसांचं खरं की खोटं ते. आई, संध्याकाळी तू तुझ्या बाईंचं म्हणणं परत सांग, घोषणा सोडून. मग मी मत देणार. आणि या वेळी कोणाला, ते तुम्ही दोघांनीही विचारायचं नाही.”