लळाकाळ

होळी झाली की लातुरात धूळ यायची. पश्चिमेकडची जमीन उघडी पडून बरीच वर्षं झाली होती, आणि तिच्यावरची माती दर उन्हाळ्यात पिठासारखी बारीक होऊन शहरावर येऊन बसायची. लोकांनी तिची सवय करून घेतली होती. दारांना ओले धूळपडदे लागले, शाळा पहाटे भरू लागल्या, लग्नं दिवाळीनंतरच होऊ लागली. पण या धुळीत जन्मलेल्या मुलांच्या फुप्फुसांना सवय झाली नाही. त्यांना धूळदमा व्हायचा.

जुन्या दम्यात आणि धूळदम्यात एक फरक होता. दम्याचा जोर ओसरला की श्वासनळ्या पूर्ववत होतात. धूळदम्यात सुजलेल्या नळीवर आतून वण राहतो. वण राहिला की ती नळी वाढत नाही, आणि मूल वाढलं तरी त्याची छाती तान्ह्या बाळाचीच राहते. यावर औषध होतं आणि ते उत्तम होतं. फक्त ते वाफेतून घ्यावं लागे, घरी, सकाळ-संध्याकाळ, संपूर्ण हंगामभर. मुलानं तोंडावर मास्क ठेवून शांतपणे श्वास घ्यायचा, एवढंच.

रुंजी दोन वर्षांची होती, आणि ती मास्क ठेवू देत नव्हती.

तिची आई ओवी बिराजदार धूळपडदे शिवायची. घराच्या पुढच्या खोलीत तिचं मशीन होतं. वडील निहार पवनचक्क्यांची दुरुस्ती करायचा. दोघांनी मिळून सगळं करून पाहिलं. बाहुलीला मास्क लावून दाखवला. निहारनं स्वतः लावून हत्तीसारखा आवाज काढला. मास्कवर सशाचे कान शिवले. रुंजीनं ते कान ओढून काढले. वाफेच्या यंत्राची घरघर सुरू झाली की ती पलंगाखाली शिरायची, आणि बाहेर ओढली की ताठ व्हायची.

"धर, हात धर तिचे," ओवी म्हणायची.

"धरलेत गं. डोकं हलवतीय ती."

मग ओवी मांड्यांत तिचे पाय दाबायची, एका हातानं कपाळ मागे रेटायची आणि दुसऱ्या हातानं मास्क दाबून धरायची. रुंजी किंचाळायची, खोकायची, श्वास रोखून काळीनिळी व्हायची. तिच्या डोळ्यांत आईविषयी जे दिसायचं ते ओवीला बघवत नसे.

आणि एवढं करून उपयोग नव्हता. रडणाऱ्या मुलाचं औषध घशातच राहतं, खाली उतरत नाही. हे दवाखान्यात काढलेल्या छातीच्या चित्रात स्पष्ट दिसलं. रुंजीच्या डाव्या फुप्फुसाच्या तळाशी वण धरू लागले होते.

तिथूनच त्यांना डॉक्टर फरीदा काझींकडे पाठवण्यात आलं. काझी फुप्फुसाच्या डॉक्टर नव्हत्या. त्या लहान मुलांच्या मेंदूवर संशोधन करायच्या. पन्नाशीच्या, हळू बोलणाऱ्या. त्यांनी रुंजीला जमिनीवर ठोकळे दिले आणि ओवीला विचारलं, "तान्हं बाळ आईला का बिलगतं, सांगाल?"

"भूक लागते म्हणून. ऊब मिळते म्हणून."

"मारकुट्या आईलाही बिलगतंच की."

ओवीनं रुंजीच्या मनगटांकडे पाहिलं. काल संध्याकाळीच तिनं रुंजीचे हात लाल होईपर्यंत धरले होते.

"जन्मानंतर काही काळ मेंदूतलं भीतीचं केंद्र झोपलेलं असतं," काझी म्हणाल्या. "त्या काळात मूल चांगलं-वाईट तपासत नाही. जवळ जे असेल त्याचा त्याला लळा लागतो. वास, आवाज, स्पर्श, काहीही. त्यासोबत दुखलं तरी लळाच लागतो. उंदराच्या पिल्लांमध्ये आम्ही हे रोज बघतो. एखादा वास देताना हलका चिमटा काढला, तर मोठा उंदीर त्या वासापासून पळतो. चार-सहा दिवसांचं पिल्लू त्याच वासाकडे सरपटत जातं."

"असं कसं?"

"आईवाचून जगणं नाही, मग आई कशी का असेना. निसर्गाचा हिशेब आहे हा. आम्ही त्याला लळाकाळ म्हणतो. नंतर भीती जागी होते आणि हा काळ संपतो. वत्सलीन नावाचं एक द्रव्य आहे, ते तो काळ थोड्या वेळापुरता पुन्हा उघडतं. वाफेत काही थेंब घालायचे. ते नाकातूनच मेंदूला पोचतं, आणि एक-दोन वाफांत भीती झोपते. यंत्र, मास्क, त्याचा वास, सगळ्याचा तिला लळा लागेल. आठवड्याभरात वत्सलीन बंद करायचं. लळा राहतो."

"तिला काही होणार तर नाही ना?"

"आजवर बऱ्याच मुलांना दिलंय. वाईट काही दिसलेलं नाही," काझी म्हणाल्या. मग जरा थांबून, "दिसलेलं नाही, एवढंच मी सांगू शकते."

ओवीनं तेवढ्यावर होकार दिला. डाव्या फुप्फुसाचं चित्र तिच्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं.

पहिल्या दिवशी धरून ठेवावं लागलं. दुसऱ्या दिवशी रुंजी मध्येच सैलावली आणि मास्कच्या वरून आईकडे टकमक बघत राहिली. आठवडा संपायच्या आत यंत्राची घरघर ऐकून ती धावत येऊ लागली. मास्कला तिनं नाव ठेवलं, फूफू. झोपताना फूफू उशाशी लागे. वाफ संपली की "अजून" म्हणे. ओवीनं शेजारणींना सांगितलं, आईला फोन करून सांगितलं, निहारच्या खांद्यावर डोकं ठेवून एकदा भरपूर रडली. रुंजी पुन्हा तिच्या मांडीत येऊन बसत होती, आपणहून.

वत्सलीन बंद झालं. वाफ चालू राहिली.

महिनाभरानं एका सकाळी ओवी मोठ्या पडद्याची शिवण घालत होती. रुंजी मागे खेळत होती. बराच वेळ तिचा आवाज आला नाही, पण रडण्याचाही नाही, म्हणून ओवीनं मागे पाहिलं नाही. दोरा संपला तेव्हा ती उठली. जुने, धुळीनं भरलेले पडदे धुण्यासाठी कोपऱ्यात टाकलेले होते. त्या ढिगाऱ्यात रुंजी बसली होती. एक पडदा दोन्ही हातांनी तोंडावर धरून झटकत होती. गळ्याखालची खळगी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. ओठ जांभळे पडले होते.

आणि ती हसत होती. तृप्त, पेंगुळलेलं, दूध पिताना हसायची तसं.

दवाखान्यात तिला दोन दिवस प्राणवायूवर ठेवलं. काझी आल्या तेव्हा ओवी पलंगाच्या पट्टीला धरून उभी होती, निहार पायथ्याशी बसला होता.

"ती रडली नाही डॉक्टर. श्वास मिळत नव्हता आणि ती रडली नाही. मला कळणार कसं?"

काझींनी रुंजीची छाती पाहिली. मग खुर्ची ओढून बसल्या.

"आम्ही मास्ककडे बघत बसलो," त्या म्हणाल्या. "लळाकाळ उघडला तेव्हा मास्क होता, यंत्र होतं, तुम्ही होतात. आणि छाती आवळलेली होती. सकाळ-संध्याकाळच ती जास्त आवळते, म्हणून तर वाफेची वेळ ती. तिच्या मेंदूनं ते वेगळं काढलं नाही. श्वास कोंडणं हेही तिला तुमच्या मांडीसारखंच वाटतं आता."

"म्हणजे तिला ते आवडतं?"

"तिला त्याचा लळा लागलाय."

ओवीनं मुलीकडे पाहिलं. प्राणवायूच्या नळीच्या आवाजाबरोबर रुंजीची बोटं पांघरुणावर उघडमीट करत होती.

"तुम्ही म्हणालात बऱ्याच मुलांना दिलंय. त्यांना नाही झालं असं?"

"झालं असेल," काझी म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "हसणाऱ्या मुलाला दवाखान्यात कोण आणतं, ओवीताई? मी सकाळपासून एकेका घरी फोन करतेय."

"मग पुसून टाका ते. काहीतरी द्या."

"लळाकाळात लागलेलं पुसता येत नाही. तुम्हाला तुमच्या आईचा वास विसरायला लावता येईल का? त्याच्यावर दुसरं काहीतरी शिकवता येतं फक्त. तिला श्वास कोंडण्याची भीती शिकवावी लागेल."

काझींनी एक छातीपट्टा दिला. छाती आवळू लागताच, श्वासाची शिटी वाजायच्या आधीच, तो ओवीच्या मनगटावरच्या घड्याळाला कळवणार होता.

"हा पट्टा असेल तर भीती कशाला शिकवायची?" निहारनं विचारलं.

"पट्टा तुम्हाला सांगेल. तिला थांबवणार नाही. उद्या शाळेत जाईल, धुळीत जाऊन बसेल, पट्टा काढून ठेवील. तिला तो त्रास हवासा वाटतोय."

"भीती शिकवायची कशी?" ओवी म्हणाली. "मारू तिला?"

"नाही. त्यानं काही होणार नाही. त्या लळ्याहून मोठा तिच्याकडे एकच लळा आहे, तुमचा. पट्ट्यानं इशारा दिला की तुम्ही तिच्यापासून निघून जायचं. हाक मारली तरी परतायचं नाही. चेहरा दाखवायचा नाही. वाफ वडील देतील. श्वास सुटला, छाती मोकळी झाली, की मग तुम्ही यायचं आणि जवळ घ्यायचं. श्वास कोंडला की आई जाते, एवढं तिला कळलं पाहिजे."

"तिला सगळ्यात जास्त गरज असेल तेव्हा?"

काझींनी मान हलवली. "तेव्हाच."

निहारनं रजा घेतली. पहिल्यांदा घड्याळ थरथरलं तेव्हा रुंजी ओवीच्या कडेवर होती. ओवीनं तिला निहारकडे दिलं, चप्पल न घालता बाहेर पडली आणि दार ओढून घेतलं. आतून रुंजी आधी नुसतीच "आई?" म्हणाली, खेळातल्यासारखी. मग यंत्राची घरघर. मग पुन्हा "आई?" ओवी जिन्यात बसली आणि तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. शेजारच्या काकू वर येत होत्या. त्या थबकल्या, काहीतरी विचारणार होत्या, पण तिचं तोंड बघून तशाच वर गेल्या.

असं होत राहिलं. धुळीचा जोर वाढला तशी घड्याळाची थरथरही वाढली. कधी जेवता जेवता, कधी गोष्ट सांगताना, एकदा तर रुंजी तिच्या वेणीशी खेळता खेळता झोपत असताना. ओवी प्रत्येक वेळी उठून गेली. दाराआडच्या हाका बदलत गेल्या. खेळातली हाक गेली, रागाची आली. मग रडणं आलं. ते पहिल्यांदा ऐकलं तेव्हा निहार दार उघडून बाहेर आला आणि म्हणाला, "रडतीय, ओवी. घाबरलीय ती." दोघं एकमेकांकडे बघत राहिली. आनंद झाला होता आणि तो कुठं ठेवावा हे दोघांनाही कळत नव्हतं.

"मी काय करून बसलेय रे?" ओवी म्हणाली.

"जगवतीयस तिला."

पडद्यांच्या ढिगाकडे रुंजी आता फिरकत नव्हती. धूळ उडाली की नाक झाकून पळायची. दवाखान्यातलं नवं चित्र चांगलं आलं. काझींनी ते दोनदा पाहिलं आणि ओवीचा हात हातात घेतला. त्यांनी फोन केलेल्या घरांपैकी दोन घरांत त्यांना उशीर झाला होता. हे त्यांनी तो हात न सोडता सांगितलं.

ज्येष्ठातल्या एका दुपारी निहार कामावर परत गेलेला होता. ओवी स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. तिनं घड्याळ काढून ओट्यावर ठेवलं होतं, पिठाचे हात म्हणून. ते थरथरलं ते तिला कळलं नाही. तिला ऐकू आली ती पावलं. रुंजी पुढच्या खोलीतून धावत येत होती. तिचा श्वास शिटीसारखा वाजत होता. डोळे मोठे झाले होते, आणि त्यांत भीती होती, खरी, स्वच्छ भीती. कुणाही आजारी मुलाच्या डोळ्यांत असते तशी. ती आईकडे धावत आली होती.

ओवीनं पिठाचे हात पसरले. घरात दुसरं कुणी नव्हतं. आता नियम कसला, तिच्या मनात आलं.

रुंजी उंबऱ्याशी थांबली.

ती पसरलेल्या हातांकडे बघत राहिली. तिनं एक पाऊल पुढं टाकलं आणि मागं घेतलं. मग ती वळली, खोलीत गेली, यंत्राचं बटण दोन्ही अंगठ्यांनी दाबलं, मास्क उचलून स्वतःच तोंडावर धरला आणि भिंतीला टेकून बसली. औषधाची कुपी सकाळीच भरून ठेवलेली होती. वाफ येऊ लागली. दोन वर्षांची मुलगी, डोळ्यांतून पाणी वाहतंय, पण श्वास हळू, खोल, अगदी सांगितल्यासारखा घेतेय.

ओवी तिच्यामागे खोलीत आली आणि गुडघ्यांवर बसली. "रुंजी. सोन्या. मी आहे."

रुंजीनं मास्कच्या वरून तिच्याकडे पाहिलं. एक हात मास्कवर ठेवून तिनं दुसरा उचलला आणि दाराकडे दाखवला.

"आई," मास्कमधून घुमलेला आवाज आला, "जा."

"नाही जाणार मी. इथंच आहे बघ."

रुंजीनं मान हलवली. तिचा यावर विश्वास नव्हता. ती भिंतीकडे आणखी सरकली, पाय पोटाशी घेतले, आणि आई जायची वाट बघत, डोळे न मिटता, श्वास घेत राहिली.