फक्त बंद करणारा

खेळाच्या गटात त्याला चिक्कू म्हणत, कारण खेळातलं पात्र बनवताना त्याचे गुण विकत घ्यायला मिळालेला एक पॉइंटही तो वाया जाऊ देत नसे. दर शनिवारी दुपारी चौघं, खेळ चालवणाऱ्या मित्राच्या म्हणजे मास्तरच्या घरी, जेवणाच्या टेबलाभोवती बसत. मास्तर गोष्ट सांगे आणि बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने फासे टाकत. गोष्टीतलं शहर पुढच्या काळातलं होतं. तिथली प्रत्येक इमारत यंत्रांच्या हुकमावर चाले, आणि चिक्कूचा हॅकर त्या यंत्रांत शिरे.

तो हॅकर घडवायला त्याने जिवाचं रान केलं होतं. माणसांशी बोलणं शून्य, माया शून्य, ओळखीपाळखी शून्य. वाचलेले सगळे पॉइंट त्याने कॅमेऱ्यांवर आणि कुलपांवर ओतले. त्यातही कुलूप लावणं स्वस्त होतं आणि उघडणं महाग, म्हणून उघडणं त्याने घेतलंच नाही.

"उघडायला तुम्ही आहात की," तो म्हणाला होता.

"घरीपण असाच आहेस का रे?" मास्तरने विचारलं. सगळे हसले, चिक्कूही हसला, पण ते त्याला चांगलंच झोंबलं.

घरी आई होती. गुडघ्यांमुळे तिला जिने उतरवत नसत. आज सकाळीच ताईने फोनवर सुनावलं होतं, "दुपारी येतेय. आईला घेऊन जाणार. तुझ्या घरात ती भिंतींशी बोलायला लागलीय." तो "ने की!" म्हणाला आणि खेळायला निघून आला. खरं तर आईने जावं असं त्याला मुळीच वाटत नव्हतं.

आज हॅकरला एका इमारतीचे कॅमेरे चाळायचे होते. मास्तर सांगू लागला.

"तिसरा मजला. लहानसं स्वयंपाकघर. फ्रिजच्या मुठीला सुतळी बांधलेली. खिडकीच्या तडकलेल्या काचेवर कॅलेंडरचं पान चिकटवलेलं."

चिक्कूने मान वर केली. मास्तर त्याच्या घरी कधीच आला नव्हता.

"दारापाशी खुर्चीवर एक म्हातारी. मांडीवर पिशवी. कुणाची तरी वाट बघतेय."

"हे कुठून आणलंस?"

"सुचलं." मास्तरचा चेहरा उतरला होता. "नको असेल तर सोडून देऊ."

चिक्कूला उठून घरी जाता आलं असतं. आईला थांब म्हणता आलं असतं. पण सकाळचा राग उसळून वर आला.

"दार बंद करतो," तो म्हणाला आणि फासे टाकले.

त्याचा हॅकर यात हरूच शकत नव्हता.

"झालं बंद," मास्तर हलक्या आवाजात म्हणाला. "आता उघडणार कोण?"

चिक्कू चपला घालून पळत सुटला.

घराबाहेर ताई उभी होती. शेजारी कुलूपवाला घामाघूम झाला होता. त्याने कुलूप उखडून जमिनीवर ठेवलं होतं.

"आतून कडी नाही, काही नाही," तो म्हणाला. "तरी हलत नाही."

चिक्कूने दार धडाधडा वाजवलं. "आई! मी आलोय!"

आत खुर्ची सरकली.

"कोण मी?"

"मी, आई. तुझा मुलगा!"

"थट्टा करता काय म्हातारीची?" आईचा आवाज कधी नव्हे तो खुशीत होता. "माझा मुलगा तर इथं माझ्याशेजारी बसलाय. कधीचा गप्पच आहे. दार उघड म्हटलं, तर एवढंच म्हणाला, 'उघडणं मी घेतलंच नाही.'"