चाळणीत अडकलेले आवाज

"आता आवाज ऐकू नका, फक्त रेषेकडे बघा," डॉ. विनता गोंडाणे म्हणाल्या आणि त्यांनी ध्वनिमुद्रण पुन्हा लावलं.

वैनगंगा महानगराच्या आपत्कालीन साद केंद्रातली ही प्रयोगशाळा परवापरवापर्यंत मोडक्या खुर्च्या ठेवायची खोली होती. आता तिथे भिंतभर पडदा होता आणि पडद्यासमोर तिघं बसली होती. स्वतः गोंडाणे, केंद्राचे संचालक बिसेन आणि हर्षदा लांजेवार. हर्षदा या केंद्रातली सगळ्यांत जुनी संवादक. संकटात सापडलेल्या माणसाचा फोन घ्यायचा, त्याला बोलतं ठेवायचं आणि रुग्णयान पाठवायचं, हे तिचं काम.

"लवकर या हो! बायकोनं पेटवून घेतलं!" पडद्यामागून एक पुरुष धापा टाकत ओरडत होता. आवाजाखाली सरकणारी हिरवी रेषा मात्र शांत होती. ती हर्षदाची नाडी होती. फोन घेताना तिच्या मनगटावर नाडीपट्टा बांधलेला होता.

"हा फोन खोटा होता," गोंडाणे म्हणाल्या. "रुग्णयान पोचलं तेव्हा टायरच्या दुकानासमोर तीन तरुण चित्रीकरण करत उभे होते. आता दुसरा ऐका."

या वेळी एक बाई बोलत होती, सावकाश, जणू भाजीचा भाव विचारत होती. "ताई, आमच्या अंगणात..." एवढं ती म्हणाली आणि हिरवी रेषा उसळली. साप हा शब्द त्याच्या नंतर आला.

"आणि हा खरा होता. मुलीला घोणस चावली होती. हर्षदाताईंच्या मनाला कळायच्या आधी त्यांच्या शरीराला कळलं. याला मी पूर्वकंप म्हणते. वर्षानुवर्षं फोन घेणाऱ्याच्या कानाला खऱ्या भीतीची एक खूण सापडलेली असते. ती शब्दांत सांगता येत नाही, पण नाडीत उमटते. या केंद्रातल्या सगळ्या संवादकांचे पूर्वकंप मी एका यंत्राला शिकवले आहेत. मी त्याला स्वरचाळणी म्हणते. फोन लागला की चाळणी आधी ऐकेल. खोटा वाटला तर तिथंच कापेल. खरा असेल तर वर पाठवेल."

बिसेनांनी चष्मा काढून पुसला. "पण मॅडम, यांनी कुठे रुग्णयान पाठवलं आणि कुठे नाही, याच्याच नोंदी आहेत ना आपल्याकडे? नाडी कशाला हवी?"

"कारण हर्षदाताईंनी टायरच्या दुकानालाही रुग्णयान पाठवलं होतं," गोंडाणे हसून म्हणाल्या. "शरीर खोटं म्हणत असतानाही या मंडळींचं बोट बटण दाबतं. त्यांच्या बोटाकडून शिकलं तर चाळणी सगळ्यांनाच वर सोडेल. म्हणून मी बोट सोडलं आणि नाडी घेतली. नाडी प्रामाणिक असते."

टायरच्या दुकानाची ती दुपार हर्षदाला चांगली आठवत होती. रुग्णयान तिकडे असताना त्याच भागातून एका म्हाताऱ्या शिक्षकांचा छातीत कळ आल्याचा फोन आला होता. दुसरं रुग्णयान पोचेपर्यंत ते गेले. तो फोनही तिनेच घेतला होता. त्यांच्या बायकोचं "येतायत ना? येतायत ना?" हे अजून तिच्या कानात होतं.

खोटे फोन रोजचेच होते. कुणी पैज लावून करायचं, कुणी कंटाळा आला म्हणून. कुणी बाईचा आवाज ऐकून घाण बोलायचं. नव्या मुली आठवड्याभरात बाथरूममध्ये जाऊन रडायच्या, महिन्याभरात रडायच्या थांबायच्या. हर्षदाला आपण कुठवर आलो आहोत हे एका संध्याकाळी घरीच कळलं होतं. तिची मुलगी ओवी जिन्यावरून पडली आणि हात धरून कळवळत आत आली. हर्षदाच्या तोंडून पहिला शब्द निघाला, "खरंच?" हात मोडला होता. ओवीने त्याबद्दल पुढे कधी काही म्हटलं नाही, आणि तेच हर्षदाला जास्त लागलं.

म्हणून चाळणी सुरू झाली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद तिलाच झाला.

चाळणी चालली, आणि झकास चालली. कक्षातले दिवे पूर्वी अखंड लुकलुकायचे, ते आता थांबून थांबून लागू लागले. जो फोन वर येई तो खरा असे. रुग्णयानं वेळेवर पोचू लागली. संवादक डबे उघडून एकत्र जेवू लागल्या. हर्षदाला झोप लागू लागली. शेजारच्या शहरांतून माणसं चाळणी बघायला आली. बिसेनांनी त्यांच्यापुढे आकडे मांडले. पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त लोक वाचत होते, आणि ते खरंही होतं.

मग पावसाळा संपता संपता एक माणूस केंद्राच्या दारात येऊन उभा राहिला. चाळिशीचा, पायात मळलेल्या चपला, हातात बहिणीचा मोबाइल. रजनी कटरे हे त्याच्या बहिणीचं नाव. नवऱ्याने तिला मारलं होतं आणि ती घरातच मेली होती.

"तिनं फोन केला होता जी," तो पहारेकऱ्याला पुन्हा पुन्हा सांगत होता. "हे बघा, यात दिसते. तुमचाच नंबर आहे. कोणी आलं का नाही, एवढंच सांगा."

बिसेनांनी त्याला बसवलं, पाणी दिलं, चौकशी करतो म्हणून सांगितलं. तो गेल्यावर गोंडाणेंनी कापलेल्या फोनांच्या साठ्यातून तो फोन शोधून काढला. हर्षदाही तिथे होती.

"ताई, तो दार तोडून राहिला," एक थकलेला, सपाट आवाज म्हणाला. एवढ्यात फोन कापला गेला होता.

हर्षदाने टेबलाची कड धरली. "मी ओळखते हिला. ही आधी खूपदा बोलली आहे माझ्याशी. रुग्णयान जायचं, पोलीस जायचे, आणि ही दारात येऊन म्हणायची, काही नाही, चुकून लागला. नवरा मागे उभा असायचा ना. नोंदीत मात्र खोटा फोन असं लागायचं."

गोंडाणेंनी ते जुने फोन काढले. चाळणीला शिकवलं त्याच काळातले होते ते. पहिल्या फोनला हिरवी रेषा उसळली होती. दुसऱ्याला जराशी हलली. नंतरच्या सगळ्या फोनांत रेषा आडवी होती, टायरच्या दुकानाच्या वेळी होती तशीच.



"म्हणजे माझ्याकडून शिकली ती," हर्षदा म्हणाली. "मी हिच्यावर विश्वास ठेवणं सोडलं होतं."

"तुमचं शरीर थकलं होतं, ताई."

"हो. पण मी दरवेळी गाडी पाठवली होती." तिचा आवाज चढला. "दरवेळी! मनात यायचं, ही बया पुन्हा आली. तरी पाठवायची. ते नाही शिकवलं तुम्ही तिला?"

गोंडाणेंनी मान खाली घातली. तेच तर त्यांनी मुद्दाम वगळलं होतं.

पुढचे कित्येक आठवडे गोंडाणे प्रयोगशाळेतच होत्या. चाळणीला नव्याने शिकवायचं म्हणून त्यांनी नवे संवादक बसवले, ताज्या कानांचे. पण ताज्या कानांना खरंखोटं कळतच नव्हतं, त्यांची नाडी प्रत्येक फोनला उसळायची. कळायला हवं तर आधी शेकडो वेळा फसायला हवं होतं, आणि इतकं फसल्यावर नाडी रजनीसारख्यांनाही ओळखेनाशी व्हायची. जी गोष्ट कानाला शहाणं करत होती तीच त्याला बहिरंही करत होती. मधला सुरक्षित टप्पा त्यांना कुठेच सापडला नाही. शेवटी त्यांनी बिसेनांना स्पष्ट सांगितलं, "चाळणी बंद करा."

"बंद करून काय करू?" बिसेन शांतपणे म्हणाले. "चाळणी नव्हती तेव्हा रुग्णयानं टायरच्या दुकानांपुढे उभी असायची आणि माणसं मरायची. आता त्याहून कमी मरतात. रजनीच्या भावाला मी तोंड दाखवू शकत नाही, खरं आहे. पण चाळणी बंद केली तर जे मरतील त्यांच्या भावांचं काय? त्यांनाही तुम्हीच भेटाल का?"

उत्तर हर्षदाने दिलं.

"चाळणी राहू द्या," ती म्हणाली. "पण कापलेले फोन कापू नका. एका खुर्चीकडे वळवा. मी बसते तिथे."

"सगळे? वेड लागेल तुम्हाला. पूर्वी दहांत काही खरे असायचे. इथे फक्त गाळच येणार."

"त्या गाळात रजनी होती, साहेब."

बिसेनांनी तिला कोपऱ्यातली एक खुर्ची दिली आणि एक रुग्णयान. एकच. गोंडाणेंनी तिच्या मनगटावर नाडीपट्टा बांधला. हर्षदा गाळातून जे खरे फोन वेचून काढेल, त्या वेळच्या तिच्या नाडीवरून चाळणी हळूहळू सुधारेल, अशी त्यांना आशा होती.

त्या खुर्चीतले दिवस हर्षदाने कुणाला सांगितले नाहीत. शिव्या, खिदळणं, घाण, मध्येच कुणी फोन टीव्हीसमोर धरून ऐकवलेलं गाणं, पुन्हा शिव्या. जो पत्ता सांगेल त्याच्याकडे ती रुग्णयान पाठवायची. ते रिकामं परत यायचं, की पुढच्या पत्त्यावर. घरी ती ओवीशी बोलायची तेव्हा शब्द मोजून बोलायची, कारण कुठला शब्द कसा बाहेर पडेल याची तिला खात्री उरली नव्हती.

एका सकाळी फोनवर एक लहान मुलगी होती. खुदुखुदु हसत होती. मागे आणखी एक मुलगी हसत होती.

"आजोबा उठतच नाहीत," ती म्हणाली आणि पुन्हा हसली.

रुग्णयान त्या वेळी एका खोट्या पत्त्यावर गेलेलं होतं. हर्षदाने मुलीकडून पत्ता घेऊन ते वळवलं, पण अंतर बरंच होतं. तिने मुलीला विचारलं, "आजोबांचा श्वास चालतोय का बघ. छाती वरखाली होतेय?"

"नाही." पुन्हा हसू.

"मग त्यांच्या छातीच्या मधोमध दोन्ही हात ठेव. एकावर एक. सगळा जोर लावून दाब. मी मोजते, तू दाब. एक, दोन, तीन..."

मुली हसत होत्या आणि हर्षदा मोजत होती. शेजारच्या खुर्चीतल्या मुलीने वळून तिच्याकडे पाहिलं, कीव आल्यासारखं. हर्षदा मोजतच राहिली. तिचा घसा कोरडा पडला. फोनवरची मुलगी म्हणाली, माझे हात दुखतात. हर्षदा म्हणाली, आता त्या दुसरीला बसव, आणि तिने पुन्हा एकपासून सुरुवात केली. मग फोनमध्ये दार उघडल्याचा आवाज आला, आणि पाठोपाठ एका बाईची किंकाळी.

आजोबा वाचले. रुग्णयानातल्या डॉक्टरांनी कळवलं, त्या पोरींनी दाबत ठेवलं म्हणून वाचले. भेदरलेली मुलं कधीकधी हसतात, असंही ते म्हणाले.

गोंडाणे धावतच आल्या. "ताई, कधी कळलं तुम्हाला, खरं आहे ते?"

"किंकाळी ऐकली तेव्हा."

"त्याआधी?"

"त्याआधी खोटंच वाटत होतं. अगदी शेवटपर्यंत."

गोंडाणेंनी पडदा उघडला. हिरवी रेषा पहिल्यापासून किंकाळीपर्यंत आडवी होती. मग त्यांनी चाळणीत काय उमटलंय ते पाहिलं.

"ती शिकलीय," त्या म्हणाल्या. "तुम्ही इथे बसल्यापासून रोज शिकतेय. आजोबा वाचले हे तिला कळतच नाही, तिला फक्त नाडी कळते. तुम्ही वेचलेल्या एकूण एक खऱ्या फोनला तुमची नाडी शांत होती. त्यामुळे असे फोन खोटेच असतात, याची तिला आणखी खात्री पटलीय. तुम्ही त्या माणसाला वाचवलंत, आणि ती हसणाऱ्या मुलांना आता पहिल्यापेक्षा लवकर कापेल."

हर्षदाने मनगटाकडे पाहिलं. मग पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

"मग आता?"

"आता ती कधीच सुधारणार नाही. म्हणजे ही खुर्ची कायमची." गोंडाणेंचा आवाज बसला होता. "तुमच्यानंतर कुणीतरी. त्यांच्यानंतर आणखी कुणीतरी."

हर्षदा थकली होती. इतकी, की उठताना तिला खुर्चीचा हात धरावा लागला. गोंडाणेंनी तिच्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी हजारो ध्वनिमुद्रणं तपासली होती, पण चालू फोन एकदाही घेतला नव्हता.

"तुम्ही जरा पाणी पिऊन या," त्या म्हणाल्या. "मी बसते."

त्यांनी कर्णसंच चढवला. दिवा लागला. एक माणूस हुंदके देत सांगत होता, आई विहिरीत पडलीय, जुन्या गिरणीमागे. गोंडाणेंची छाती एवढी धडधडत होती की त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. पत्ता टिपून त्यांनी भेदरलेल्या डोळ्यांनी मागे पाहिलं. हर्षदा गेली नव्हती, तिथेच उभी होती.

"ऐकलंत? विहीर... त्याची आई..."

"खोटा आहे," हर्षदा म्हणाली. "बहुतेक."

गोंडाणेंचं बोट बटणावर थांबलं. "मग काय करू?"

"पाठवा," हर्षदा म्हणाली.