पेचाच्या पाटल्या

"हात ढिला सोड गं पोरी, ढिला सोड," म्हाळसा कासारीण तिसऱ्यांदा म्हणाली आणि अनुपमाने तिसऱ्यांदा डोळे मिटून घेतले. हात ढिलाच होता हो! तर्जनी आणि मधलं बोट मुळापासून शेंड्यापर्यंत सारखंच सुजलेलं, सांधे लालबुंद... स्वतःच्या लग्नात सव्वादोनच्या बांगडीतून सर्रकन गेलेला तो हात आता अडीचच्या बांगडीलाही बोटांच्या गाठींपाशीच अडवत होता. पडवीत भावकीतल्या आठ-दहा बायका, मधोमध हिरव्या बांगड्यांचे जुडे, चुडा भरून झालेली नवरी सायली एका अंगाला, आणि सगळ्यांची नजर तिच्या वहिनीच्या त्या एका हातावर.

"दुखतंय का गं फार?" म्हाळसाबाईने हळूच विचारलं.

"न्हाई दुखत," अनुपमा म्हणाली. हे तिचं ठरलेलं उत्तर. नवऱ्यालाही तेच, शेजारणीलाही तेच.

तिची सासू तुळजाबाई उंबऱ्याच्या आत भिंतीला टेकून बसली होती. विधवा बाईने चुड्यापाशी येऊ नये म्हणून ती आपण होऊनच आत बसलेली. पण लग्न पाच दिवसांवर आलेलं. नवरीचा बाप देवाघरी गेलेला, म्हणजे कन्यादानाला भाऊ-भावजयच बसणार, आणि हिरव्या चुड्याशिवाय बसलेली भावजय भांडगावच्या पाहुण्यांना काय दिसेल? आधीच तुळजाबाईच्या मनाविरुद्ध भावकीने हे ठरवलं होतं. अकरा महिने जिच्याशी ती धड एक शब्द बोलली नव्हती, ती सून चारचौघींत असा वेळ काढतेय हे बघून तिचा तोल सुटला. ती ताडकन उठून बाहेर आली, कासारणीच्या हातातली बांगडी हिसकावून घेतली, सुनेचा पंजा मुठीत आवळला आणि जोर करून बांगडी वर सारली.

कट्कन आवाज झाला. दोन तुकडे सतरंजीवर पडले आणि अनुपमाच्या बोटावर रक्ताची रेघ उमटली. "वाढली, वाढली," बायका घाईघाईने पुटपुटल्या, कारण सवाष्णीची बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं. अनुपमाने ओठ दाताखाली धरले होते.

"केलेलं अंगावर फुटतंय तिच्या," तुळजाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशी म्हणाली. "चुडा चढत नसंल तर नको बसू कन्यादानाला. हिच्या चुलत जावेला बसवीन मी."

अनुपमाच्या डोळ्यांत इतका वेळ अडवलेलं पाणी तेवढ्या एका वाक्याने खाली आलं! हात दुखला तर दुखला, पण सायलीचा हात नवऱ्यामुलाच्या हातात देण्याचा मान... तेवढ्या एका गोष्टीसाठी तर तिने हे सारं गिळलं होतं. बोलली ती सायली. आईच्या आणि वहिनीच्या मध्ये येऊन तिने सांगितलं, की उद्या गुरुवार आहे, पुण्याच्या सांध्यांच्या डॉक्टरीणबाई शिरूरला येतात, वहिनीला तिथे न्यायचं, नाही नेलं तर आपण बोहल्यावर चढणार नाही. म्हाळसाबाईने गुपचूप काचेचे तुकडे गोळा केले.

आता हे वैर कुठून आलं ते सांगितलं पाहिजे. अकरा महिन्यांपूर्वी, सायलीला बघायला पाहुणे यायच्या आदल्या दिवशी, दोघी नणंद-भावजय शिरूरहून साडी घेऊन स्कूटीवरून कवठ्याला परत येत होत्या. सायलीने गाडीला हात लावायचा नाही, अशी तुळजाबाईची ताकीद होती. पोरगी खरचटली तर पाहुण्यांना काय दाखवायचं! पण गावाजवळच्या वळणाला सायलीने लाडीगोडी लावली, एवढा शेवटचा रस्ता मला दे म्हणाली, आणि अनुपमाला कधी तिला नाही म्हणता आलं होतं? दिली गाडी. उसातून कुत्रं आडवं आलं आणि स्कूटी चारीत गेली. सायलीला ओरखडाही नाही, आणि गाडीचा सगळा भार अनुपमाच्या उजव्या हातावर आणि घोट्यावर. तशात ती हसून म्हणाली होती, तुझ्या आईला सांग मीच चालवत होते, चार शिव्या मी खाईन, त्यात काय एवढं.

चार शिव्यांचंच होतं हो ते! पण कुणीतरी सायलीच्या वडिलांना फोन केला की तुमच्या लेकीसुना पडल्या. हौसराव हातातलं काम टाकून शेतातून धावत निघाले आणि वळणाच्या अलीकडे, पिंपरणीच्या झाडाखाली, छाती धरून खाली बसले... ते पुन्हा उठले नाहीत. सकाळी घरून चालत निघालेला माणूस संध्याकाळी चादरीत गुंडाळून आला. आणि नणंदेला बोलणी बसू नयेत म्हणून अंगावर घेतलेली ती इवलीशी थाप, तिचं बघता बघता मरणाएवढं ओझं झालं.

तेराव्याच्या दिवशी सायली आईला खरं सांगायला निघाली होती. अनुपमाने गोठ्यात ओढून नेऊन तिला गप्प केलं. बापाच्या मरणाचा डाग घेऊन तू नांदायला कशी जाशील, आई तुझं तोंड तरी बघेल का? मी काय, दौंडहून आलेली परक्याची लेक, मला बोलली तर बोलली... असं म्हणून तिने सायलीचे डोळे पुसले होते. तेव्हापासून तुळजाबाईने "माझं कुंकू पुसलं हिनं" एवढंच धरून ठेवलं. नवरा इंद्रजीत रांजणगावच्या कंपनीत पाळीवर जायचा, तोही घरात मुका झाला. आणि महिना दीड महिना झाला नाही तोच अनुपमाची बोटं सुजायला लागली. मुरगळलं असेल म्हणून हाडवैद्याकडे दर रविवारी बोटं चोळून, कामट्या लावून बांधली गेली, आणि प्रत्येक सोमवारी ती जास्तच सुजून वर आली. मग टाच धरली. सकाळी उठल्यावर तासभर मुठीत दुधाची किटली धरवेना. तुळजाबाई शेजारणीला सांगायची, देवानं बरोबर हात धरलाय.

आणि खरं सांगायचं तर, कधी कधी अनुपमालाही तसंच वाटायला लागलं होतं.

गुरुवारी इंद्रजीतने जीप काढली. तुळजाबाई कुणी न बोलावता पुढे जाऊन बसली. सुनेचं सोंग आपल्या डोळ्यांदेखत उघडं पडावं, एवढ्यासाठी ती निघाली होती.

डॉक्टरीणबाई हळू बोलणाऱ्या होत्या. त्यांनी आधी बोटं दाबली नाहीत, नखं पाहिली. नखांवर बारीक बारीक खड्डे होते, सुईकामाच्या टोपणावर असतात तसे. मग त्यांनी अनुपमाला बाही वर करायला सांगितली. तिने लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले होते ते कोपरावरचे पांढुरके, पापुद्र्यांचे चट्टे झाकायला. सोयरिकीच्या घरात कातडीचा रोग दिसला तर नणंदेच्या लग्नाला बोल लागेल, ही भीती. बाही वर सरकवताना तिची मान खाली गेली.

हे कधीपासून, बाईंनी विचारलं. लग्नाआधीपासून, थोडं थोडं. कुणाला बोलली नाही. आणि सांधे? अकरा महिने होत आले. त्या सुमारास कुठे मार लागला होता का? मनाला मोठा धक्का बसला होता का?

अनुपमाने तोंड उघडायच्या आत तुळजाबाई बोलली. "मार लागला ना. गाडी पाडली हिनं. आन् धक्का म्हणाल तर माझा मालक गेला त्यात. हिच्यापायी. आता फेडतीय."

इंद्रजीत दाराच्या कडीकडे बघत राहिला. डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं आणि खुर्ची वळवून, सुनेशी नव्हे, सासूशी बोलायला सुरुवात केली. त्यांनी सांगितलं की हे चट्टे म्हणजे सोरायसिस, तो कुणाचा कुणाला लागत नाही, आणि तो ज्यांना असतो त्यांतल्या काहींच्या सांध्यांत हाच आजार उतरतो. तसाच यांच्या सांध्यांत तो उतरलेला दिसतोय, रक्त तपासून आणि सांध्यांचे फोटो काढून खात्री करू. हे पाप नाही, सोंगही नाही. औषध आहे, बराच आराम पडतो, पण बोटं चोळणं आजपासून बंद, आणि उशीर फार झालाय.

सायलीने भिंतीला धरून विचारलं, "बाई, त्या पडण्यानंच झालं का हे?"

"छातीठोक नाही सांगता येत," बाई म्हणाल्या. "मार लागल्यावर हे उठलं, असं काही जणांत दिसतं. मनाच्या धक्क्याचंही तसं म्हणतात, पण ते आणखी कमी पक्कं आहे. एवढं नक्की, की मुळात दुखणं आत असावं लागतं. आत नसेल तर दहा वेळा पडलं तरी असं होत नाही. पडणं फार तर निमित्त झालं असेल, आणि तेही कदाचित. निमित्ताला कारण समजू नका."

तुळजाबाईचा चेहरा एकाएकी राखेसारखा झाला. तो कशाने झाला हे तेव्हा कुणालाच कळलं नाही, कारण त्याच क्षणी सायली आईच्या पायाशी बसली होती.

"आई, गाडी मी चालवत व्हते. वहिनी मागं बसली व्हती. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं, आन् आप्पा गेल्यावर मला बोलू दिलं न्हाई."

"सायले, गप," अनुपमा कळवळून म्हणाली. अजूनही तिला त्या पोरीचंच पडलं होतं! इंद्रजीतने बायकोकडे पाहिलं, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्याची नजर तिच्या चेहऱ्यावरून खाली, तिच्या हातांवर गेली. तुळजाबाई मात्र लेकीला उठवायलाही वाकली नाही. पदर सावरून ती बाहेर पडली आणि जीपमध्ये जाऊन बसली.

जीप कवठ्याच्या वाटेला लागली. आता लग्न राहतं का मोडतं, आई लेकीला घरात घेते का नाही, अनुपमाच्या मनात एवढं एकच होतं. औषधांची पिशवी तिने दोन्ही मनगटांनी उराशी धरली होती. वळणाला, पिंपरणीपाशी, तुळजाबाईने जीप थांबवायला सांगितली. उतरली. हौसराव जिथे बसले होते तिथे जाऊन उभी राहिली. भर दुपारचं ऊन, उसाची ट्रॉली धूळ उडवत गेली, तरी ती हलेना. शेवटी दोघी तिच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"त्या दिशी सकाळीच ह्यांच्या छातीत कळ आली व्हती," ती झाडाकडे बघतच म्हणाली. "घाम फुटला व्हता. म्हणले, शिरूरला दाखवून येतो. म्या म्हणलं, उद्या पाव्हणे यायचेत, घरात ढीगभर कामं पडल्यात, वाताचं असंल, ओवा खा. वल्या हातानं ओवा दिला मी त्यांना... आन् ते खाऊन शेतावर गेले."

कुणाला सांगणार होती ती हे? रोज पहाटे जाग आली की ओव्याचा वास यायचा तिला. तो वास सहन होईना, म्हणून तिने सुनेला धरलं आणि धरून ठेवलं. तिने स्वतःच सांगितलं, की ही पोर दोषी नसती तर मग दोषी मीच उरत होते.

अनुपमा पुढे झाली. "आत्या, दुखणं मामांच्या आत होतं," ती म्हणाली. "ओव्यात नव्हतं. गाडीतही नव्हतं."

तुळजाबाई मटकन खाली बसली आणि हौसरावांच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोकळी होऊन रडली. बऱ्याच वेळाने तिने सायलीला जवळ ओढलं, पण तिला फुकटची माफी दिली नाही. पडलीस त्याचं काही नाही, म्हणाली, हिला बोलणी खाताना बघत गप बसलीस त्याचं मला जन्मभर लागंल. सायलीने मान हलवली. तेवढं तिला मिळायलाच हवं होतं.

लग्नाच्या आदल्या दिवशी म्हाळसाबाई पुन्हा आली. ट्रंकेतून सर्वांत मोठं माप शोधून आणलं होतं बिचारीने. गोळ्या सुरू होऊन तीनच दिवस झालेले, त्यांचा गुण यायला आठवडे लागतील असं बाईंनी सांगितलंच होतं, त्यामुळे हात होता तसाच सुजलेला. अनुपमाने तो पुढे केला आणि सवयीने डोळे मिटले.

"थांब म्हाळसे," आतून आवाज आला.

तुळजाबाई उंबरा ओलांडून बाहेर आली. तिच्या हातात फडक्यात गुंडाळलेल्या दोन सोन्याच्या पाटल्या होत्या. हौसरावांनी तिला करून दिलेल्या, पेचाच्या. एका बाजूला बिजागरी, दुसऱ्या बाजूला फिरवायचा पेच, जनावरांच्या धारेला बसताना काढून ठेवता याव्यात म्हणून मुद्दाम तशा घडवलेल्या. ते गेल्यावर तिने त्या उतरवून ठेवल्या होत्या आणि सायलीला जायच्या म्हणून सगळ्या भावकीला ठाऊक होत्या. एक चुलत जाऊ कुजबुजली, की अक्का, तुमच्या हातानं कशा घालता, लग्नाचं कार्य हाय.

"माझ्या हातानंच घालणार," तुळजाबाई म्हणाली. "ह्याच हातानं फोडली व्हती ना."

"फोडली" म्हणाली ती, "वाढली" नाही, आणि कुणी तिला अडवलं नाही. तिने सुनेसमोर मांडी घातली. पेच फिरवला, पाटली उघडली, आणि बोटांना कुठेही न लागता, वरून, थेट मनगटावर ठेवून हळूच मिटली. दुसऱ्या हातावरही तसंच. सायलीने आपल्या चुड्याजवळचा हिरवा रेशमी दोरा काढून दोन्ही पाटल्यांना बांधला. कन्यादानाला कोण बसणार, हे कुणी विचारलं नाही.

तुळजाबाईने पेच पुरता बसलाय का ते बघितलं, मग तो सुजलेला हात आपल्या दोन्ही तळव्यांत नुसता ठेवून घेतला, दाबला नाही.

"दुखतंय का गं, अनू?"

"न्हाई आत्या, न्हाई दुखत," अनुपमा म्हणाली, आणि अकरा महिन्यांत पहिल्यांदा ते खरं होतं.