अण्णांच्या दोनशे बारा फायली

परुळेकरांची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली होती. महिनाअखेरीला त्यांना घर रिकामं करून द्यायचं होतं. बोरीवली पूर्वेला, नॅशनल पार्कच्या भिंतीलगतची ती चार मजली बिल्डिंग. शनिवारी सकाळी अकराला मी पोचले, तेव्हा हॉलमध्ये खोकी रचलेली होती. कॉम्प्युटर तेवढा अजून टेबलावर होता.

"हलवताना काही झालं ना, तर वाट लागेल गं क्षमा," जानकीकाकू म्हणाल्या. "बाकी सगळं गेलं तरी चालेल. ह्यांचा आवाज आहे त्यात."

अण्णा खिडकीपाशी बसले होते. गळ्याशी रुमाल, मांडीवर वही. तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलेला माणूस. चार वर्षांपूर्वी घशाचा कॅन्सर झाला आणि स्वरपेटी काढावी लागली. ऑपरेशनच्या महिनाभर आधी पंधरा दिवस ते दार लावून कॉम्प्युटरपुढे बसायचे, आपलं बोलणं साठवून ठेवायचे, असं काकूंनी सांगितलं. मुलाला, मिहिरला, मुलगी झाली ती त्यानंतर. नातीनं आजोबांना बोलताना ऐकलेलंच नव्हतं. तिच्यासाठी काकूंना कॉपी हवी होती.

घरोघरी जाऊन कॉम्प्युटर दुरुस्त करायला लागून मला बारा वर्षं झाली. हे वीस मिनिटांचं काम होतं. मी माझी डिस्क जोडली, बॅकअपचं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्याला माझी डिस्क सापडली. कॉम्प्युटरची सापडली नाही.

असं पुष्कळदा होतं. मी जुनी आवृत्ती टाकून पाहिली, मग दुसरं सॉफ्टवेअर. तेच. शेवटी फायली सरळ ओढून माझ्या डिस्कवर टाकल्या. 'अण्णा ००१'पासून 'अण्णा २१२'पर्यंत सगळी नावं आली. आत काहीच नव्हतं.

"मूळ फायली चालतात ना पण?" मी विचारलं.

काकूंनी सवयीनं एक लावली. भरदार, सावकाश आवाज आला. "जानकी, चहा टाकतेस का?"

काकू हसल्या. अण्णा खिडकीबाहेर बघत राहिले.

कॉम्प्युटर बंद करून मी त्याचा डबा उघडला. वायर ढिली झाली असेल, अशी माझी समजूत. आत, जिच्यात फायली साठतात त्या हार्ड डिस्कची जागा रिकामी होती. तिला जोडायच्या दोन वायरी नुसत्याच लोंबत होत्या आणि त्यांच्या टोकांवर धुळीचा थर होता.

"काकू, हा कोणाकडे दुरुस्तीला दिला होता का?"

"छे. घेतल्यापासून कोणी हात लावला नाहीये. का गं?"

मी प्लग पुन्हा जोडला. डबा उघडाच ठेवून बटण दाबलं. पेन ड्राइव्ह नाही, इंटरनेटची वायर नाही. कॉम्प्युटर सुरू झाला. फोल्डर होता तिथेच होता. मी फाईल लावली.

"जानकी, चहा टाकतेस का?"

पण काम काम असतं. कॉपी होत नाही, तर स्पीकरजवळ मोबाइल धरून रेकॉर्ड करायचं ठरवलं. तीन फायली तशा केल्या आणि ऐकल्या. पंख्याची घरघर होती, शेजारच्या कुकरची शिट्टी होती, माझा श्वाससुद्धा होता. अण्णा कुठेच नव्हते.

"मी खरंच चहा टाकते," काकू म्हणाल्या आणि आत गेल्या. त्यांचा चेहरा उतरला होता.

अण्णा उठले, माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले आणि वहीत लिहू लागले. अक्षर फळ्यावरच्यासारखं गोल, सुवाच्य.

'ह्यातलं एकही वाक्य मी बोललेलो नाही.'

मी त्यांच्याकडे बघितलं.

'फायली आपोआप यायच्या. रोज चौदा-पंधरा. मी दार लावून ऐकत बसायचो.'

"ऑपरेशन ठरल्यावर?" मी हळू विचारलं.

त्यांनी नकारार्थी मान हलवली. लिहिलं, 'आजार कळायच्या आधीपासून. घसा तेव्हा ठणठणीत होता. हिला सांगितलं नाही. सांगू नकोस.'

आतून कपबशांचा आवाज आला. मी स्क्रीनकडे वळले. फोल्डर बंद करायचा आणि निघायचं, एवढंच डोक्यात होतं.

यादीत दोनशे तेरा फायली होत्या.

शेवटच्या फाईलचं नाव 'क्षमा ००१' होतं. लांबी चार सेकंद.

माझा हात माऊसवर गेला. अण्णांनी तो घट्ट धरला. त्यांचे ओठ हलले, पण नुसती हवा आली. मग त्यांनी डाव्या हातानं, वेडंवाकडं लिहिलं.

'मी ऐकल्या होत्या. तू ऐकू नकोस.'

यादीत 'क्षमा ००२' आलं.

मी माझी डिस्क तिथेच सोडली. चपला हातात घेऊन चार मजले उतरले. मागून काकू हाका मारत होत्या, "अगं, चहा!"

गेटवर वॉचमन वही पुढे करून म्हणाला, "झालं का काम, मॅडम?"

"नाही झालं," मी म्हणाले.

त्यानं मान पुढे केली. "काय?"

मी पुन्हा, मोठ्यानं सांगितलं.

तो उठून अगदी जवळ आला, कानामागे हात धरून. आवारात त्या वेळी कसलाही आवाज नव्हता.